बोडक्या डोक्यानं

महांतप्पाचा हात पडला तेव्हा सगळा बाजार हसत होता, आणि पडल्यावर सगळा बाजार गप झाला. झालं ते एवढंच. आठवडी बाजार, टाळकं तापवणारं ऊन, आणि नळदुर्गाच्या पेठेत बापानं मिसरूड फुटलेल्या पोराच्या कानाखाली एक ठेवून दिली. असल्या थपडा त्या पेठेत दर बाजाराला वाजायच्या, कुणी मान वळवून बघायचं नाही. पण महांतप्पाच्या तळहाताला जी झिणझिणी चढली ती काही केल्या उतरेना. मनगटापर्यंत आली, कोपरापर्यंत आली, आणि त्याला वाटलं, हा हात आपला नाहीच, आपल्या खांद्याला कुणीतरी आणून जोडलाय. पोरगं समोर उभं होतं. गालावर बोटं उमटली होती. रडत नव्हतं, ओरडत नव्हतं, नुसतं बघत होतं, आणि ते बघणं महांतप्पाला सोसेना म्हणून त्यानं दुसरी मारली.

आता खरं सांगायचं तर सकाळपासून सगळं कसं मजेत चाललं होतं. महांतप्पाचं दुकान कापडाचं. लुगडी, धोतरं, खण आणि रुमाल. रुमाल म्हणजे शहरी लोकांचा खिशातला नव्हे. डोक्याला गुंडाळायचा, चांगला लांबरुंद, कडक खळीचा. दुकानाच्या ओट्यावर एका अंगाला बशीरभाई शिंप्याचं मशीन, दुसऱ्या अंगाला शेजारच्या किराणा दुकानातून उठून आलेला गुंडप्पा, आणि मधोमध गादीवर कपाळाला विभूती ओढून महांतप्पा. तिघांचंही वय झालेलं, गिऱ्हाईक बेताचं, राज्य निजामाचं आणि त्या राज्यात रोज नवी भानगड. मग बोलायचं कशावर? रस्त्यानं जाणाऱ्या तरण्याताठ्या पोरांवर. बोलायला काही भाडं पडत नाही. शाळेतल्या मास्तराची बायको गोल पातळ नेसून गेली तसा महांतप्पा तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, “चार वार कमी नेसलं म्हंजे अक्कल चार वार वाढती का वो, गुंडप्पा?” गुंडप्पा बिचारा मऊ माणूस, त्यानं तोंडावर उपरणं धरून हसून घेतलं. बशीरभाईनं सुई दातात धरून आपलं गाऱ्हाणं मांडलं. “तुम्ही बायांचं काय घेऊन बसला, सेठ? पोरं येत्यात न् म्हन्त्यात, चाचा, पायजमा तंग शिवा. इतका तंग की बसलं का उसवतंय. आन् आमचा जाफर! काल-परवापर्यंत माझ्यापुढं मान वर करत नव्हता. आता रझाकारात गेला, खाकी चढवली, कमरंला पट्टा आवळला, न् माझ्याच पुढ्यात बिडी वढतो. ती खाकी शिवली कुणी? म्याच. क्या करूं, पोटचा हाय.” महांतप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला, “मी असतो तर त्याच पट्ट्यानं सोलला असता. तोंडावर बोलावं न् जाग्यावर मारावं. माघारी कुढतो त्यो बाप कसला?”

असा त्याचा स्वभाव. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पेठेत त्याला सगळे वचकून असत, आणि त्याच्या बोलण्याची मजाही चाखत असत, कारण बोलणं नेहमी दुसऱ्याच्या पोराला लागायचं. भांग पाडणाऱ्याला तो विचारायचा, पाळणा कुणाचा हालवायला चाललास. कॉलरच्या सदऱ्याला म्हणायचा, बैलाला जू शोभतं तसं शोभतंय. आणि बोडक्या डोक्यानं हिंडणारा दिसला की मग तर विचारायची सोय नव्हती. कारण त्या मुलखात पुरुषाचं डोकं उघडं पडतं ते एकदाच, बाप मेल्यावर. बापाला माती देईपर्यंत डोक्याला काही गुंडाळायचं नाही, आणि मग सासुरवाडीची माणसं नवा रुमाल घेऊन येतात, चारचौघांत बसवून पोराच्या डोक्याला बांधतात. तो दुखवट्याचा रुमाल महांतप्पाच्याच दुकानातून जायचा आणि तेवढ्या एका मालाला तो कधी घासाघीस करू द्यायचा नाही, आणि स्वतःही करायचा नाही. म्हणून समोरच्या गर्दीतून पाठमोरा एक पोरगा उघड्या डोक्यानं, विस्कटल्या केसांनी, भिंतीच्या कडंकडंनं घाईघाईत चाललेला दिसला तेव्हा महांतप्पा गादीवरनं अर्धा उठला आणि घसा मोकळा करून ओरडला, “ए बोडक्या! बाप मेला का रं तुझा?”

बाजार खदाखदा हसला. पोरगा थबकला आणि वळला. सोमलिंग होता. महांतप्पाचा सोमलिंग, एकुलता, त्याची बायको इरम्मा हिच्या नवसाचा.

वर्ष होत आलं होतं त्याला बघून. सोलापूरला मामाच्या घरी शिकायला म्हणून धाडलेला, आणि मागच्या दिवाळीपासून त्याचा पत्ता नव्हता. मामा म्हणाला होता, तो टोपीवाल्यांत गेला. पांढऱ्या टोप्या घालून सरहद्दीवर तळ ठोकून बसलेली पोरं, निजामाचे नाके जाळणारी. महांतप्पानं ते ऐकलं आणि पेठेत येऊन सांगितलं की सोमलिंग मामाच्या पेढीवर बसतो, लई कामात असतो. रात्री इरम्मा विचारायची, खाल्लं आसंल का वो त्यानं, आणि तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा. म्हणजे ते तोंड दिसलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या काळजात जे झालं तो आनंदच होता. जिता आहे. पोरगं जितं आहे. गळ्यात लिंगाचा दोरा दिसतोय. वाळलंय, पण उभं आहे पायावर. तेवढं वाटून होतंय न होतंय तोच ते हसू त्याच्या कानात शिरलं. सगळा बाजार हसत होता आणि ह्या खेपेला दुसऱ्याच्या पोराला नव्हे. कुणीतरी पलीकडनं म्हणालंसुद्धा, “सेठ, बाप तर जिता हाय की ह्याचा!” आणि दुसरं एक त्याच्या मनात सापासारखं वळवळलं: पोरगं चाललं कुठं होतं? बापाच्या दुकानावरनं, बापाकडं न बघता, तोंड चुकवून? ओट्याच्या पायऱ्या तो कधी उतरला हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या थपडेनंतर तिसरी बसली. मग त्यानं त्याची गचांडी धरली, आणि सगळ्यांनी ऐकावं असा त्याचा आवाज चढला, कारण इज्जत गेली होती ती सगळ्यांदेखत गेली होती आणि परत घ्यायची तर सगळ्यांदेखतच घ्यायला पाहिजे होती. “लाज न्हाय वाटत? बाप जिता असताना रांडमुंड डोक्यानं फिरतोस? तिकडं त्या टोपीवाल्यांत जाऊन पांढरी टोपी मिरवायला बरी वाटती, न् हितं बापाच्या पेठंत तुला रुमाल जड झाला?” बोलून झालं. वाक्य तोंडातून गेलं आणि महांतप्पानं स्वतःच ते ऐकलं. ओट्यावर बशीरभाईचं मशीन थांबलं. गुंडप्पानं डोळे मिटून घेतले, कारण त्याचा सिदूही सोमलिंगाबरोबरच सोलापूरला गेला होता आणि त्याचाही पत्ता नव्हता, आणि ह्या दोन बापांत ती गोष्ट कधीही बोलली गेली नव्हती. चहाच्या हाटेलाजवळ चार खाकीवाले उभे होते. त्यांच्यात जाफर होता.

जाफर आला तो सावकाश आला. सोमलिंग आणि तो आणि सिदू, तिघं एकाच गल्लीतल्या धुळीत वाढलेले. एकमेकांच्या घरच्या भाकरी खाल्लेले. त्यानं सोमलिंगाचा दंड धरला, पण बघितलं महांतप्पाकडं, आणि अगदी हळू म्हणाला, “चाचा, म्या सकाळीच बघितलं हुतं त्याला. दवाखान्यापाशी. बघून न बघितल्यासारखं केलं. आता तुमीच बोल्ला सगळ्यांदेखत. म्या काय करू, सांगा?” काय सांगणार? मागनं बाकीचे तिघे आले आणि त्यांनी सोमलिंगाला ढकलत पोलीस नाक्याकडं नेलं. त्याच्या बंडीतून एक पुडकं खाली पडलं, कापूस आणि एक औषधाची बाटली. बाटली फुटली आणि दवाखान्याचा वास सुटला. ते कशाला घेतलं होतं हा विचार महांतप्पाच्या डोक्यात आलाच नाही. तो फक्त पोराच्या उघड्या डोक्याकडं बघत राहिला, केसांत धूळ आणि कडब्याची बारीक कुसं अडकली होती, आणि त्याला आणखीनच राग येत होता.

नाक्याच्या पायरीवर तो बसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बशीरभाई आणि गुंडप्पा लिंबाखाली थांबले. आतल्या खोलीतून काठीचे आवाज येत होते. काठी माणसावर पडली की कसा आवाज येतो हे महांतप्पाला ठाऊक होतं; ओल्या पोत्यावर पडल्यासारखा. मध्येच शिपायाची शिवी, मध्येच प्रश्न, संगं कोन हाय, कुठं ऱ्हातेत, बंदुका कुठं. आणि मग पुन्हा काठी. पोराचा आवाज नाही. एकदाही नाही. प्रत्येक काठीला महांतप्पाची मांडी आपोआप आवळायची आणि तो वाट बघायचा, आता ओरडेल, आता ओरडेल, ओरड की रे बाबा, ओरडलास तर कमी मारतील. हे असं निबर कातडं ह्याला आलं कुठनं? ह्याच्या वयाचा होता महांतप्पा तेव्हा त्याचा बाप वीरप्पा त्याला दाव्यानं मारायचा. का, तर सोलापूरच्या बाजारात एक काळी मखमली टोपी घेतली होती. घातली की आरशातला माणूस कुणीतरी वेगळाच वाटायचा, थोरला, ज्याला वीरप्पा नावाचा बाप नाही असा. वीरप्पानं ती टोपी चुलीत घातली. मखमल जळताना केस जळल्यासारखी घाण सुटली. मग गोठ्यात नेऊन दाव्यानं फोडून काढलं, आणि महांतप्पा असा ओरडला होता की गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. पाठीवरचे वळ कितीतरी दिवस राहिले. ‘बरोबरच केलं,’ असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा, ‘नसतं मारलं तर वाया गेलो असतो.’ आता पायरीवर बसून त्याला वाटलं, खरंच का बरोबर केलं? पण हा विचार त्यानं झुरळ झटकावं तसा झटकला. वीरप्पाला जर चूक म्हणायचं तर आपण काय होतो? आणि आतून पुन्हा काठी वाजली.

नाक्याच्या अमीनसाहेबानं, म्हणजे फौजदारानं, त्याला आत बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. अमीन वयानं त्याच्याएवढाच, मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान, आवाजात अदब. मराठी त्याला येत होती, पण ती तो उर्दूच्या तोंडानं बोलायचा. “बैठो सेठ. बाजारात लई मारलं म्हणे पोराला. कायकू?”

“बोडका हिंडत हुता, साहेब. बाप जिता असताना. माझ्याच दुकानापुढनं.”

अमीन हसला. खराखुरा हसला, आणि महांतप्पाला त्या हसण्याचा केवढा आधार वाटला! “हमारा भी एक है, सेठ. हैदराबादेत शिकतो. गेल्या ईदेला घरी आला तर पतलून, आखूड कमीज, न् सर नंगा. दादीनं तोंड फिरवलं. म्या म्हटलं, बेटा, हा काय सर्कशीतला अवतार? तर म्हन्तो, अब्बा, जमाना बदल गया.”

“जमाना कशाचा बदलतोय, साहेब!” महांतप्पाची जीभ पुन्हा वाटंवर आली. “ह्यांची कातडी बदलायला पायजे. थोरल्या माणसापुढं पायात वहाणा घालून बसतेत, तोंड वर करून बोलतेत. न्हाव्याला सांगून केस राखतेत. ह्यांना रग आली ती आपण मारलं न्हाय म्हणून.”

“सच कहा.” अमीननं पानाचा डबा पुढं केला. दोन म्हातारे क्षणभर असे बसले होते की जणू ओट्यावरच बसलेत, आणि खालच्या फरशीवर, भिंतीला टेकून, सोमलिंग पडला होता. ओठ फुटला होता. एक डोळा सुजून मिटला होता. महांतप्पानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. अमीननं विडा गालात सरकवला आणि विचारलं, “तर मला एक सांगा, सेठ. हा टोपीवाला हाय, का नुस्ता बेअदब हाय?”

“नुसता बेअदब, साहेब! आईच्या लाडानं वाया गेलेला. बाजारात बोललो ते रागात बोललो. माझं तोंड फाटकं हाय, सगळ्या पेठंला ठाव हाय, कुणालाबी इचारा.”

“बेअदब पोराला बाप मारतो, सेठ. टोपीवाल्याला सरकार मारती.” अमीननं टेबलावरची वेताची छडी उचलून त्याच्यापुढं धरली. “मारा. माझ्यापुढं. दिल से मारा. मला पटलं का हा नुस्ता बापाचा मार खानारा हाय, तर घेऊन जा घरला. जबान देता हूं.”

छडी हातात आली. केवढी हलकी होती! महांतप्पानं पहिला फटका मारला तो दंडावर मारला, जपून, आवाज व्हावा पण लागू नये असा. अमीननं मान हालवली. “ये तो लाड हुए, सेठ.” दुसरा मारला. तिसरा मारला. अमीन खिडकीबाहेर बघायला लागला आणि दारातल्या शिपायानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. राग पाहिजे होता. दुपारी मणभर होता तो राग आता नेमका कुठं गेला? तो आणायचा कुठनं? मग त्यानं तो ओढून काढला, आडातनं पोहरा ओढावा तसा. पोरगं दुकानावरनं तोंड चुकवून चाललं होतं. वर्षभर आईला एक चिठ्ठी नाही. इरम्मा दारात बसून बसून डोळ्यांनी अधू झाली. तो हसणारा बाजार. तो चुलीतला मखमलीचा वास. आला राग. आणि आला तो असा आला की महांतप्पाच्या हाताला लगेच ओळख पटली. हात म्हणाला, हां, हे मला येतं. छडी सपासप पडायला लागली, पाठीवर, पोटऱ्यांवर, डोकं झाकणाऱ्या बोटांवर. अंगाला घाम सुटला, श्वासाला एक ठेका लागला, आणि खोटं कशाला बोला, त्या ठेक्यात त्याला बरंही वाटत होतं. तोंडातून शब्द निघायला लागले, जुनेच, हाताबरोबर आपोआप येणारे. “बोल! रुमाल कुठाय? बोल! कुठं टाकलास रुमाल? बोल की!”

त्या घरात माराला एकच शेवट होता. गूळ चोरलेला असो, शाळा बुडवलेली असो, पोरानं खरं बोलायचं. बोललं की छडी खाली. त्यानंतर एक फटकासुद्धा नाही, वर महांतप्पा स्वतः पोराला उचलून आपल्या ताटात जेवायला घ्यायचा. इरम्मा दाराआड उभी राहून पदर तोंडात धरून रडायची आणि पोराला विनवायची, “बोलून टाक रे मगा, माझ्या लेकरा, बोलून टाक, म्हंजी संपलं.” खरं बोललं की संपलं, हा त्या घरातला कायदा, आणि बाकी काही असो, महांतप्पानं तो कधी म्हणजे कधी मोडला नव्हता. सोमलिंगानं डोक्यावरचे हात काढले. चांगल्या डोळ्यानं वर बघितलं. तो डोळा दुपारच्या पोराचा नव्हता, सरहद्दीवरच्या टोपीवाल्याचाही नव्हता. तो कितीतरी लहान पोराचा होता. आणि आवाज आला तोही तसाच आला, चिरका, घाईघाईचा.

“सांगतो, अप्पा! सांगतो, नका मारू! रुमाल सिदूला बांधलाय. सिदूच्या मांडीला. गोळी लागलीया त्याला, रगात थांबंना, म्हणून फाडून बांधलाय वो...”

“कुठं?” महांतप्पा ओरडला. छडी वरच होती. “कुठं? बोल!”

“जळकोटला. वढ्याकडंच्या मळ्यात, कडब्याच्या गंजीमागं...”

आणि महांतप्पानं छडी खाली टाकली. कायदाच होता तसा. त्याचा हात आपणहून पोराच्या डोक्याकडं गेला, केसांतली कडब्याची कुसं त्याच्या बोटांना लागली, आणि “झालं, झालं, बाळा,” असं तो म्हणत होता. मग त्याला कळलं की खोलीत काहीतरी बंद पडलंय. अमीनचं पान चघळणं थांबलं होतं. दारात जाफर उभा होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. अमीन उठला, शांतपणे टोपी चढवली, आणि म्हणाला, “शाबास सेठ. दुपारपासून माझ्या शिपायानं हाडं मोडली, ह्यानं तोंड उघडलं न्हाय.” मग त्यानं बाहेर बघून लॉरी काढायचा हुकूम सोडला. जाफरला म्हणाला, “तू भी चल, तुला मळा माहीत असंल.” आणि जाता जाता वळून, तितक्याच अदबीनं, “ले जाओ पोराला. जबान दिली होती.”

लॉरी नाक्यातून बाहेर पडली, जळकोटच्या सडकेला लागली, आणि तिच्यामागं धुळीचा लोट कितीतरी वेळ उभा राहिला. बशीरभाईनं एका बाजूनं सोमलिंगाला खांदा दिला होता, दुसऱ्या बाजूला महांतप्पा. गुंडप्पा आधीच पुढं पळाला होता. पोरगं सुटतंय एवढं कळल्याबरोबर दूध तापवायला गेला होता. पेठेतून चालताना लोक दारादारांतून बघत होते आणि ह्या खेपेला कुणी हसत नव्हतं. सोमलिंगाचे पाय घासत होते. मध्येच तो बोलला, बापाला उद्देशून नव्हे, आपल्या आपणच, नवल वाटावं तसं: “त्यांनी इतकं मारलं. म्या न्हाय बोललो.” थोड्या वेळानं पुन्हा तेच. “म्या न्हाय बोललो त्यांना.” महांतप्पाला वाटलं, ह्यानं दुपारसारखं नुसतं बघावं, शिव्या द्याव्यात, थुंकावं तोंडावर, पण हे असं बोलू नये. आपल्या उजव्या हाताचं करायचं काय हे त्याला समजेना. त्या हातानं त्यानं पोराची कंबर धरली होती.

ओट्यावर दिवा लागला होता. गुंडप्पा पितळी पेला घेऊन उभा होता, दुधात हळद घातलेली, आणि त्याच्या मऊ तोंडावर इतका आनंद होता की बघवत नव्हता. “आलं का पोरगं! बस, बस हितं. टेक पाठ. आरं, पाठ कसली टेकतोस, थांब, उशी देतो.” त्यानं सोमलिंगाच्या ओठाला पेला लावला, एका हातानं त्याची हनुवटी धरली. मग महांतप्पाकडं वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “म्या तुला दुपारी मनात लई शिव्या घातल्या, महांतप्पा. पण खरं सांगतो, तू मारलंस म्हणून वाचलं बघ पोरगं. माझ्यासारखा आसता तर नुसता रडत बसला आसता. माझा सिदू घावला ना, मलाबी आसंच मारता यायला पायजे.”

सोमलिंगानं पेला बाजूला सारला. “काका,” तो म्हणाला. “काका, सिदू... म्या...”

“तू गप!” महांतप्पा असा ओरडला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. “तोंड उघडायचं न्हाय. गप बस तिथं!” मग तो गुंडप्पापुढं जाऊन उभा राहिला. उभ्या जन्मात त्यानं कुणाला काही मागं ठेवून सांगितलं नव्हतं, आणि आताही त्यानं सरळ सांगितलं, फक्त आवाज बसला होता. “गुंडप्पा. सिदू जळकोटला हाय. त्याला गोळी लागलीया, मांडीत. पोलिसाची लॉरी गेली ती त्यालाच आणायला गेली. त्यांना ठिकाण सांगितलं ते म्या सांगितलं. पोरानं न्हाय. म्या.”

गुंडप्पाला ते कळायला वेळ लागला. तो सडकेकडं बघत राहिला, जिकडं लॉरी गेली होती तिकडं. दोन पावलं तिकडं टाकलीसुद्धा, आणि थांबला. लॉरी आता कुठल्या कुठं गेली असेल, आणि ह्या पायांनी कोण गाठणार तिला? तो परत वळला. “तुला कसं ठाव?” असं त्यानं विचारलं. “ठाव हुतं,” महांतप्पा म्हणाला. गुंडप्पाच्या हातातला पेला खाली पडला. कापड मोजायचा लोखंडी गज गादीवर पडलेला होता, तो त्यानं उचलला. आपण काय उचललंय हे त्याला समजत नव्हतं. त्याच्या घशातून कुत्र्यासारखा आवाज येत होता. पहिला घाव दंडावर बसला, ओझरता. बशीरभाई “अरे, अरे, गुंडप्पा, नक्को!” करत मध्ये पडायला धावला तर महांतप्पानंच त्याला हातानं मागं लोटलं. “मारू द्या त्यास्नी.” सोमलिंग भिंतीला धरून उठायला बघत होता, “काका, त्यांनी न्हाय, म्या सांगितलं, म्या!” असं ओरडत होता, पण तोंड फुटल्यामुळं त्याचे शब्द धड उमटत नव्हते आणि गुंडप्पाला ते ऐकूही येत नव्हते. त्यानं आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. गज कुठं धरावा हे त्याला माहीत नव्हतं. दुसरा घाव खांद्यावर बसला आणि तोल जाऊन गुंडप्पा स्वतःच गुडघ्यावर आला. महांतप्पा हलला नाही. गुंडप्पा उठला, त्यानं दोन्ही हातांनी गज नीट धरला, आणि तिसऱ्या घावाला त्याला मारायचं कसं ते कळलं.